एकोणतीस इंच

“आजपासून या घराण्यातला माणूस कुणाच्या दारात मुक्कामाला जाणार नाही,” आप्पाजी म्हणाले. “आपलं घर आपल्या मागून येईल.”

आणि ते आलं.

पावसाचं पाणी रस्त्यावर जावं म्हणून येलहंक्याच्या त्या घराच्या पोर्चला फाटकाकडे उतार दिलेला होता. खंडेनवमीची वाहनपूजा, म्हणून चाकांखालच्या विटा काढून तिथं लिंबं ठेवली होती. लिंबू दृष्ट अडवतं, गाडी अडवत नाही. दोन्ही लिंबं चिरडून पत्र्याचं ते चकचकीत घर आवाज न करता निघालं, त्याचा पुढचा दांडा आप्पाजींच्या गुडघ्यांमागं लागला आणि आप्पाजी बोलता बोलता दांड्यावर बसले. बसल्या जागी ते हातभर पुढं आले. मग अभिजीतनं हातातला कोहळा टाकून दोन्ही हातांनी बापासकट घर थोपवलं. कोहळा फुटला. तो फोडायचा मुहूर्त अजून सात मिनिटांवर होता, पण फुटलेला कोहळा परत कसा फोडायचा हे कुणालाच माहीत नसल्यामुळे पूजा झाली असं धरण्यात आलं.

“बस म्हणायच्या आधीच बसलास की रे आप्पा,” गंगव्वा म्हणाली. आप्पाजींची ही थोरली बहीण एवढ्यासाठी निपाणीहून आली होती आणि तिला भाडं वसूल झाल्यासारखं वाटत होतं.

महानंदा हसली नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला पडताना पाहिलं होतं, पण बसून प्रवास करताना आजच पाहत होती. तिनं नुसती विटा कुठं आहेत ते बोटानं दाखवलं. जावयानं, मंजुनाथनं, त्या परत चाकांखाली सरकवल्या. होसकोट्याच्या आपल्या वर्कशॉपातली पूजा पहाटे उरकून तो आला होता. बायको, रंजिता, कामगारांच्या जेवणासाठी मागं राहिली होती. या घराच्या तळाचा लोखंडी सांगाडा त्यानंच जोडला होता, त्यामुळे लिंबांबद्दल त्याला जास्तच वाईट वाटत होतं.

गेले आठ महिने त्या पोर्चमध्ये दुसरं काही नव्हतं. आप्पाजींनी छत्तीस वर्षं विमानांच्या कारखान्यात पत्र्याचं काम केलं होतं आणि निवृत्तीनंतर बारा वर्षं त्यांचे हात नुसते वळवळत होते. मग एके दिवशी मोबाइलवर त्यांना तो आकार दिसला. पुढून गोल, मागं उतरत गेलेला, पाण्याचा थेंब आडवा ठेवावा तसा. आत दोन माणसांपुरती गादी. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकघर. कारच्या मागं अडकवायचं आणि निघायचं. प्लायवूडची शीट आठ बाय चारची मिळते, म्हणून घरही आठ बाय चारचं झालं. बाजू कापल्या, सांधे चिकटवले, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवला आणि त्याला अकराशे चाळीस रिव्हेट मारले. हा आकडा महानंदाला पाठ होता, कारण ते सगळे दुपारी एक ते तीन या वेळात मारले गेले होते.

तिच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गेल्या. कढीपत्त्याच्या कुंडीत भुसा साठला. पत्र्याची कड दाबायला तिचं लाटणं गेलं, ते परत आलं तेव्हा त्याला कसला तरी काळा चीक लागलेला होता आणि पुढं पंधरा दिवस पोळीवर त्याचा ठसा उमटत होता. ती काही बोलली नाही.

याचं कारण तिच्याच एका वाक्यात होतं. तीन वर्षांपूर्वी कारवारला आप्पाजींच्या मामेभावाकडे चार दिवस मुक्काम झाला होता. पुरुषमंडळी रोज वाळूवर फिरून यायची आणि भूक लागली म्हणायची. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली होती, “समुद्र ऐकला. बघितला नाही.” त्यावर आप्पाजी काही बोलले नव्हते. दोन वर्षं बोलले नव्हते. मग प्लायवूड आलं.

तेव्हा हे आपल्यासाठी चाललं आहे, हे तिला कळत होतं. उद्या दसरा. सीमोल्लंघनाला पहाटे सहाला निघायचं, गोकर्णाला वाळूच्या काठाशी उभं राहायचं, तिथून कारवारला जायचं आणि मामेभावाच्या दारावरून हॉर्न न वाजवता पुढं जायचं, असा बेत होता. तिनं काल संध्याकाळी चहा, साखर, पोह्यांचे डबे भरून दिले होते. आणि आठवड्यापूर्वी बाजारातून वाळूत चालायचे रबरी सँडल आणून कपाटात साड्यांच्या मागं ठेवले होते. ते फक्त सून, शाल्मली, हिला माहीत होतं, कारण मापाला पाय तिचा वापरला होता.

“आता मागची बाजू,” आप्पाजी म्हणाले. दांड्यावरून उठून त्यांनी धोतराची धूळ झटकली होती आणि आवाज पूर्वपदावर आला होता. मागची बाजू आठ महिने ताडपत्रीखाली होती. कुणी डोकावायचं नाही असा हुकूम होता. त्यांनी ताडपत्री ओढली, मूठ फिरवली, आणि झाकण सुस्कारा टाकल्यासारखं आपोआप वर गेलं.

आत खरोखर बघण्यासारखं होतं. एका शेगडीचा गॅस, हातपंपाचं इवलंसं बेसिन, प्रत्येक डब्याला त्याच्या मापाचा खण, मिसळणाच्या डब्याला गोल खोबण, सांडशीला चुंबक.

“आप्पा, फिनिश काय सुपर्ब आहे हो,” शाल्मली म्हणाली. ती पुण्याची. लग्न होऊन बारा वर्षं झाली, बेळ्ळंदूरच्या एकविसाव्या मजल्यावर राहत होती आणि सासऱ्यांचं तिच्याशी बरं होतं. “आणि ही छोटी सरकती खिडकी कशाला?”

“इकडून चहा आत द्यायला.”

“आत कोण असणार?”

हा प्रश्न आपण निव्वळ कुतूहलानं विचारला होता, असं तिनं नंतर अभिजीतला तीनदा सांगितलं.

आप्पाजींनी खिडकी एकदा सरकवून उघडली, एकदा मिटली. “जो असेल तो,” ते म्हणाले. “पहाटे बाहेर गारठा असतोय.”

गारठ्याची काळजी नेमकी कुणासाठी, हे वाक्यातून स्पष्ट होत नव्हतं. गंगव्वा खुर्चीत सावरून बसली. महानंदा पुढं आली. तिनं ओट्यावर तळहात टेकला, जसा ती रोज सकाळी टेकत असे, आणि डोक्याच्या आधी कंबरेला कळलं.

“किती आहे?” तिनं विचारलं.

“काय किती?”

“उंची.”

आप्पाजींचा चेहरा उजळला. आठ महिने ते या एका प्रश्नाची वाट पाहत होते. “एकोणतीस इंच. आपल्या ओट्याएवढी. सुताचा फरक नाही. तीनदा मोजलं, दुपारी तू आडवी झालेली असताना. म्हटलं, नवीन जागी तुला परकं वाटायला नको.”

“मी म्हटलो होतो मावा, मोठं चाक घालू,” मंजुनाथ मध्येच म्हणाला. सासऱ्यांना तो आपल्या घरच्या रीतीनं मावा म्हणे आणि सासूला अत्ते. या कामातला आपला वाटा सांगायची त्याला एवढीच संधी दिसत होती. “रस्ता खराब असतोय. पण मावा म्हटले, नको, ओटा वर जातोय. एकोणतीसला बसायलाच पाहिजे. म्हणून लहान चाक घातलं.”

“म्हणजे मुद्दाम,” महानंदा म्हणाली.

“मुद्दाम म्हणजे? अगदी मुद्दाम,” आप्पाजी अभिमानानं म्हणाले.

तिनं ओट्यावरचा हात उचलला आणि पदराला पुसला. “मी येणार नाही.”

वरून हवाई दलाचं सरावाचं विमान गेलं. येलहंक्यात भांडणाला मध्ये मध्ये अशी सक्तीची विश्रांती मिळते. विमान गेल्यावर पहिला आवाज अभिजीतचा आला.

“बरोबर आहे आईचं.” तो दोन आठवडे हेच सांगून थकला होता, आणि आता आयती बाजू मिळाली होती. “बहात्तराव्या वर्षी, बीपीच्या गोळ्या खाऊन, हायवेवर हा डबा ओढत न्यायचा. नंबर प्लेटचं विचारलं तर ‘बघू’. इन्शुरन्सचं विचारलं तर ‘बघू’. आणि हे ओढणारी गाडी माझी आहे. आई नाही म्हणाली ना, विषय संपला.”

“तू मध्ये पडू नकोस,” महानंदा म्हणाली.

“अगं, मी तुझ्याच बाजूनं—”

“माझ्या बाजूला जागा नाही. मी येणार नाही ते तुझ्या कारणांसाठी नाही. माझं कारण मला पुरतं.”

“काय कारण?” आप्पाजींनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. महानंदाला याचाच राग जास्त आला.

“सासूबाईंच्या मापाच्या ओट्यापाशी मी चव्वेचाळीस वर्षं वाकून उभी आहे,” ती म्हणाली. “पाच फूट पाच इंचाची बाई. लग्न होऊन आले तेव्हा विचारायची सोय नव्हती. सासूबाई गेल्या दोन हजार सहाला. अकरा साली तुम्ही ग्रॅनाइट बसवलंत. गवंडी दारात उभा राहून मला विचारत होता, अक्का, किती ठेवू. मी म्हटलं, तेहतीस. तुम्ही काय म्हटलात?”

“आता इतक्या वर्षांचं काय आठवतंय.”

“सुताचा फरक आठवतोय तुम्हाला. ‘आईचं माप आहे, हलवायचं नाही.’ असं म्हटलात. त्यानंतर तीन वर्षांनी पट्टा आला.”

पट्टा म्हणजे कंबरेला बांधायचा रुंद, करडा, तीन कड्यांचा पट्टा. गेली अकरा वर्षं तो स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला लटकत होता. कुणी पाहुणं आत आलं की आप्पाजी त्याच्याकडे बोट दाखवून “हा आमच्या हिचा दागिना” असं सांगायचे. पाहुणे हसायचे. चहा महानंदा करायची.

“आमच्याकडे चौतीस इंच आहे,” शाल्मली हळूच म्हणाली. “आई आमच्याकडे राहायला आल्या की कंबर दुखत नाही त्यांची. मी नोटीस केलंय.”

“हवापालट,” आप्पाजी म्हणाले.

“बेळ्ळंदूरची हवा, आप्पा?”

बेळ्ळंदूरच्या तळ्याचा घाण फेस उडून रस्त्यावर येत असे. त्या हवेचे गोडवे आप्पाजींकडून ऐकून खुद्द कंबरेच्या डॉक्टरांनी मागं चष्मा काढून ठेवला होता.

“शाल्मली, तू आगीत तेल ओतू नकोस,” अभिजीत म्हणाला.

“मी फिगर सांगितली फक्त.”

“आणि आईला कशाला मध्ये आणायलीस महानंदा?” गंगव्वाचा आवाज एकदम चढला. इतका वेळ ती दोन्हीकडची मजा घेत होती, पण मेलेल्या आईवर कुणी बोललेलं तिला खपत नसे. “गेलेल्या माणसाच्या नावानं बोटं मोडू नये. ज्या ओट्यावर आईच्या हातचं जेवून हे घर वर आलं, त्या ओट्याला नाव ठेवायलीस.”

“नाव नाही ठेवत, वन्सं. उंची सांगतेय. सासूबाई बुटक्या होत्या, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना एकोणतीस पुरत होतं. मला पुरत नाही.”

“कोण बुटकी?” गंगव्वानं खुर्चीच्या हातावर हात आपटला. “आमची आई बुटकी? तुझ्यापेक्षा बोटभर उंच होती. निपाणीत पाणवठ्यावर निघाली की बायका बघत राहायच्या. बुटकी म्हणे.”

“मी पंचवीस वर्षं बघितलंय त्यांना. माझ्या खांद्याला लागायच्या.”

“वाकलेली बघितलीस तू. सरळ बघितली नाहीस.”

“अक्का, जाऊ दे,” आप्पाजी म्हणाले. बहीण आपल्याच बाजूनं लढते आहे, याबद्दल त्यांना का कोण जाणे, एकदम शंका वाटू लागली होती.

“का जाऊ दे? आज सांगतेच. हे घर बांधलं तेव्हा मी इथं बाळंतपणाला आले होते. गवंड्याला गावच्या जत्रेला जायचं होतं, म्हणून त्यानं घाईनं आधी ओटा बांधून दिला. चांगला तेहतीस इंची, आईला उभं करून, कोपर बघून. मग आला फरशीवाला. त्याला जमीन खाली-वर दिसली. त्यानं भर घातली, भरीवर फरशी घातली. जमीन आली चार इंच वर, ओटा तिथल्या तिथं. बाबांना दाखवलं, तर म्हटले, आता कशाला फोडायचं, सवय होईल.”

“झाली का सवय?” शाल्मलीनं विचारलं.

“कंबर गेली की आईची.”

 फुटलेल्या कोहळ्याच्या बियांवर मुंग्या आल्या होत्या आणि मंजुनाथ त्यांच्याकडे लक्ष देऊन पाहत होता.

महानंदाला सासूबाई दिसल्या. ओट्याशी, पाठमोऱ्या, डावा हात कंबरेवर. त्या अशा उभ्या राहतात तो सासूचा तोरा, अशी तिची समजूत होती. आपल्या बुटकेपणाला साजेसा ओटा करून घेतला आणि उंच सुनेला जन्मभर वाकवली, म्हणून ती त्यांच्यावर मनातल्या मनात रागावून पंचवीस वर्षं भाकऱ्या थापत होती. त्या मात्र तिच्या शेजारी उभ्या राहून त्याच चार इंचांखाली वाकत होत्या. एवढ्या वर्षांच्या रागाला एकाएकी पत्ता बदलावा लागला. नवा पत्ता समोर, अंगठ्याला रिव्हेटचे घट्टे पडलेला, झाकणाची मूठ धरून उभा होता.

“म्हणजे ते आईचं माप नाहीच,” ती म्हणाली. “फरशीवाल्याची चूक आहे. ती तुम्ही ग्रॅनाइटमध्ये घातलीत. आता तिला चाकं लावलीत.”

“मला काय ठाऊक?” आप्पाजी म्हणाले. “अक्का, तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलंस? आईचं माप, आईचं माप करून तू आरती ओवाळायलास. मला वाटलं, आईचं दुसरं काहीतरी माप असेल.” आणि गंगव्वानं खुर्ची उचलून दोन फूट सरकवली, महानंदाच्या अंगाला. “मी आईच्या बाजूची हाय बाबा. आता आईची बाजू इकडं निघाली, त्याला मी काय करू?”

आप्पाजींनी आजूबाजूला पाहिलं. मुलगा गेला होता, सून गेली होती, आता बहीण खुर्चीसकट गेली.

“आठ महिने,” ते म्हणाले, आणि या वेळी आवाजात भाषण नव्हतं, नुसता राग होता. “आठ महिने मी हात सोलून घेतले ते कुणासाठी? मला काय समुद्राचं नवल? तू म्हटलीस बसमध्ये, समुद्र बघितला नाही. ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. परक्याच्या स्वयंपाकघरात तुला परत उभं राहायला लागू नये, म्हणून हे केलं मी. एक एक खण तुझ्या डब्यांवरून मोजला. आणि तू सगळ्यांसमोर येणार नाही म्हणतीस.”

ते खरं होतं. महानंदाला ते खरं आहे हे माहीत होतं आणि त्यामुळे तिचा राग कमी होण्याऐवजी घट्ट झाला. खोटं असतं तर सोडून देता आलं असतं.

“परक्याच्या स्वयंपाकघरात नको, म्हणून आपलं स्वयंपाकघर बरोबर घेतलंत,” ती म्हणाली. “इकडं या. उभे राहा ओट्यापाशी. मी उभी राहीन तशी. तोंड कुठं आहे तुमचं?”

“शेगडीकडं.”

“आता आपण गोकर्णाला आहोत. समुद्र कुठं आहे?”

आप्पाजींनी मान वळवून पाठीमागच्या कुंपणाकडे पाहिलं. शेजारच्या अंगणात धुतलेल्या स्कूटरला झेंडूची माळ घातलेली होती.

“मागं,” ते म्हणाले.

“कुणाच्या मागं?”

त्यांनी मान परत शेगडीकडे वळवली.

“समुद्राकडं खिडकी आहे ती गादीजवळ,” महानंदा म्हणाली. “तिथून समुद्र दिसणार. तिथं तुम्ही असणार, चहाची वाट बघत. मी परत आल्यावर सांगीन, समुद्र ऐकला.”

शाल्मलीनं तिच्या कानाशी तोंड नेलं. “आई, पण सँडल?”

“गप्प बस.”

“मावा,” मंजुनाथ घसा साफ करत म्हणाला, “वर्कशॉपात मोठी चाकं आहेत. ती घालू, स्प्रिंगच्या पाट्याखाली ठोकळा देऊ. चार इंच उचलतंय. तीन तासाचं काम. उद्या सकाळच्या ऐवजी दुपारी निघताय.”

सगळ्यांनी आप्पाजींकडे पाहिलं. वाट इतकी सोपी होती की तिच्यावरून जाणं फार अवघड होतं. अकरा साली गवंड्यानंही असंच, थापी हातात घेऊन, सोपं उत्तर पुढं केलं होतं.

“एक इंच हलणार नाही,” आप्पाजी म्हणाले. “माप हे माप. मी उद्या सहाला निघणार. यायचं त्यानं यावं, नाही तर एकटा जाईन. आणि मंजुनाथ, तुला कुणी विचारलं?”

हे वाक्य जावयाला, सणाच्या दिवशी, सासरच्या दारात बोललं गेलं. मंजुनाथचा चेहरा उतरला. “सरी मावा,” एवढंच तो म्हणाला आणि खाली वाकून आपले पाने, पक्कड, हवेचा पंप एकेक करून पिशवीत भरू लागला. पूजेतली हळद त्या पान्यांना तशीच होती.

“झालं,” अभिजीत म्हणाला. “आता रंजिताचा फोन येईल.”

“जावईबापू, थांबा,” महानंदा म्हणाली. “चहा घेतल्याशिवाय सणाचं माणूस जात नाही आमच्या घरातून.”

“राहू दे अत्ते.”

“राहू दे काय? स्वल्प बसा. चहा हे करतायत.”

आप्पाजींना आपला उल्लेख झाल्याचं कळायला थोडा वेळ लागला.

“मी?”

“तुमचाच ओटा. परका वाटायला नको,” महानंदा म्हणाली. “सहा माणसांचा. आलं घालून. जमत नसेल तर तसं सांगा सगळ्यांसमोर.”

मग तिनं चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या, बाजूचं छोटं दार उघडलं, पदर खोचला आणि आधी बसून, मग पाय आत घेऊन, त्या घरात शिरली. आत प्लायवूडचा आणि नव्या कापसाचा वास होता. ती आडवी झाली. गादी चांगली होती, हे तिला मान्य करावं लागलं. पाठ टेकल्यावर कंबरेतला एकेक मणका आपापल्या जागी जाऊन बसला. खिडकीतून शेवग्याचं झाड आणि आभाळाचा एक चौकोन दिसत होता. तिनं डोळे मिटले नाहीत. राग जाऊ नये म्हणून ती आढ्याचे रिव्हेट मोजू लागली.

मागं भांड्यांचा आवाज सुरू झाला. डबे तिनं भरले होते, पण खणांत ते आप्पाजींनी झाकणाच्या मापानं बसवले होते, त्यामुळे साखर कुठं आहे हे या पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या डब्यात पोहे निघाले. दुसऱ्यात मीठ. अभिजीत मदतीला उठला, तसं गंगव्वानं काठी आडवी घातली. “बस रे. तुझ्या बापाला मापात काम करू दे.”

पाच फूट दहा इंचांचे आप्पाजी एकोणतीस इंचांवर वाकले. आलं सुरीनं चिरायला घेतलं. वर बघायला गेले तर झाकणाची कड कपाळाला लागली. पातेल्यात तीन कप मावत होते, म्हणून चहा दोनदा करणं आलं. पहिला उतू जायला आला तेव्हा सांडशी चुंबकावरून सुटेना, इतकं चुंबक चांगलं होतं. पहिल्या तीन कपांना बारा मिनिटं लागली. दुसऱ्या खेपेला ते एक हात ओट्यावर टेकून उभे होते. मग एक कोपर टेकलं. मग दोन्ही. पोर्चमध्ये चौघांनी पहिले तीन कप वाटून घेतले होते, आणि कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं, म्हणजे सगळे पाहत होते.

महानंदानं मधली खिडकी दोन बोटांनी सरकवली. तिला वाटलं होतं, सदऱ्याच्या गुंड्या दिसतील. पण माणूस इतका वाकलेला होता की समोर त्यांचा चेहराच होता. ओठ घट्ट मिटलेले, कपाळाला घाम, नजर पातेल्यात. ओट्याशी वाकलेल्या माणसाचं तोंड पलीकडून कसं दिसतं, हे ती पहिल्यांदाच पाहत होती. घरातल्या ओट्यामागं भिंत होती.

त्यांनी कप खिडकीतून आत सरकवला. तिनं कोपरावर उठून एक घोट घेतला.

“साखर नाही,” ती म्हणाली.

“सापडली नाही,” आप्पाजी म्हणाले.

 त्यांनी गॅस बंद केला आणि सरळ व्हायला गेले. पहिल्या प्रयत्नात ते निम्मेच सरळ झाले. डावा हात त्यांच्या नकळत कंबरेवर गेला आणि तिथंच राहिला. खुर्चीतून गंगव्वा ते बघत होती, आणि आईची आठवण झाल्यासारखा तिचा कप तोंडापर्यंत जाता जाता थांबला.

एक विमान आलं आणि गेलं. मंजुनाथनं पिशवीचा बंद ओढला.

“महानंदा,” आप्पाजी म्हणाले.

आवाज सकाळच्या भाषणाचा होता. अभिजीतनं फोन खाली ठेवला. शाल्मली उभी राहिली. मंजुनाथ बंद हातात धरून थांबला.

“तुझा तो पट्टा जरा दे.”